उद्यान कोणाचें?

सौंदर्याविषयीं बोलतांना माणूस सहसा निश्चिंत असतो. सत्याविषयीं बोलावयाचें तर पुरावा द्यावा लागतो. नीतीविषयीं बोलावयाचें तर स्वतःच्या वर्तनाकडे पाहावें लागतें. परंतु एखादें सुंदर स्थळ पाहून आलेला मनुष्य त्याचें वर्णन करूं लागला म्हणजे त्याबद्दल आपणांस कोणी जाब विचारील ही कल्पनाही त्याच्या मनाला शिवत नाहीं. अशाच निश्चिंत मनानें मी एके दिवशीं आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळापुढें “जगांतील प्रेक्षणीय उद्यानें” या विषयावर बोलावयास उभा राहिलों होतों. यूरोपच्या प्रवासांत व्हर्साय आणि क्यू हीं दोन विख्यात उद्यानें पाहण्याचा योग मला आला होता; पूर्वेकडील उद्यानांविषयीं जें वाचलें होतें तें जोडीला होतें. चित्रें दाखवून झालीं, व्हर्सायच्या कारंज्यांचें वर्णन झालें, टाळ्याही झाल्या. मग शेवटच्या बांकावरून एक विद्यार्थी उठला. तो माण तालुक्यांतून आलेला होता. म्हणजे उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहणें हा जेथें दिनचर्येचा भाग असतो अशा मुलुखांतला. त्यानें विचारलें, “सर, एवढं पाणी तिथं होतंच, कीं कुठून आणलं?”

प्रश्न साधा होता आणि त्याचें उत्तरही मला ठाऊक होतें. परंतु तें पुरतें सांगण्याचें धैर्य मला त्या वेळीं झालें नाहीं. “नदीवरून यंत्रानें आणलें,” एवढेंच बोलून मी खालीं बसलों. पुरतें उत्तर दिलें असतें तर तासभर केलेलें वर्णन श्रोत्यांना निराळ्याच प्रकाशांत दिसूं लागलें असतें, आणि मलाही. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करण्याचा हा प्रयत्न आहे.

व्हर्सायच्या जागेचा मोठा दोष हा कीं तेथें भरपूर वाहतें पाणी जवळ नव्हतें. चौदाव्या लुईनें १६६१ पासून आंद्रे ले नोत्र या असामान्य उद्यानशिल्प्याकडून तेथील बाग आंखून घ्यावयास सुरुवात केली. दलदल उपसली, टेकाडें सपाट केलीं, दीड किलोमीटरहून अधिक लांबीचा कालवा खणला, आणि कारंजीं तर इतकीं बांधलीं कीं तीं सर्व एकाच वेळीं चालूं राहतील एवढें पाणी कधींच मिळालें नाहीं. म्हणून राजा फिरावयास निघाला म्हणजे कारंज्यांवरील नोकर शीळ घालून एकमेकांस इशारा देत; राजा समोर आला कीं कारंजें उडे, आणि त्याची पाठ वळली कीं बंद होई. सेन नदीचें पाणी उंचावर चढविण्यासाठीं मार्ली येथें चौदा प्रचंड चक्रांचें आणि दोनशेंहून अधिक पंपांचें यंत्र उभारण्यांत आलें; तें १६८४ सालीं सुरू झालें, पण तेंही पुरेना. मग १६८५ मध्यें यूर नांवाची दूरची नदीच वळवून आणण्याचें ठरलें. त्या कामावर हजारों सैनिक जुंपले गेले आणि तापाच्या सांथींनीं त्यांतले कितीतरी मेले. १६८८ सालीं युद्ध पेटलें आणि काम अर्धवट पडलें. मॅंतनों येथें त्या जलसेतूच्या कमानी अजून उभ्या आहेत. त्यांच्यावरून व्हर्सायला पाण्याचा एक थेंबही कधीं पोंचला नाहीं. त्याच्याही पूर्वीं, १६७८ मध्यें, मादाम द सेव्हिन्ये या विदुषीनें आपल्या एका पत्रांत लिहून ठेवलें आहे कीं व्हर्सायच्या कामावर मरणाऱ्या मजुरांचीं प्रेतें रात्रीच्या वेळीं गाड्या भरभरून हलवितात.

हें पुरतें उत्तर. तें ऐकल्यावर माणसें बहुधा दोनपैकीं एक सोपी वाट धरतात. पहिली वाट रसिकाची. तो म्हणतो, ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये अशी म्हण आपल्याकडे आहेच; सौंदर्याचेंही कूळ शोधूं नये. कमळ चिखलांतून येतें म्हणून आपण तें देवाला वाहावयाचें सोडतों काय? राजवाड्याच्या पायऱ्यांपासून निघून, वाफ्यांमधून आणि कारंज्यांमधून, कालव्याच्या पाण्यावरून थेट क्षितिजाला जाऊन भिडणारी ती ले नोत्रची सरळ रेषा पाहतांना मनाला जो प्रशस्तपणा लाभतो तो खरा आहे. मजुरांच्या दुःखानें तो खोटा ठरत नाहीं. दुसरी वाट कठोर नीतिवाद्याची. तो म्हणतो, ज्या फुलाच्या मुळाशीं प्रेतें आहेत त्याचा वास घेणें हेंही पापच. अशा बागा पाहूं नयेत, त्यांची वाखाणणी करूं नये, आणि शक्य असेल तर त्या मोडून तेथें नांगर धरावा.

पहिल्या पक्षांत तथ्य आहे, पण त्याचा दृष्टांत लंगडा आहे. चिखलाला वेदना नाहीं, मजुराला आहे. शिवाय आपले पूर्वज कमळाला पंकज म्हणत आले, त्या नांवांत चिखलाची आठवण आहे; व्हर्सायच्या नांवांत कोणाही मजुराची आठवण नाहीं. आणि नदीचें मूळ शोधूं नये हें ज्याच्या गांवची नदी दुसऱ्याच्या कारंज्यासाठीं वळविली जात आहे त्याला कोणत्या तोंडानें सांगावें?

दुसरा पक्ष अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचें उत्तर युक्तिवादानें न देतां इतिहासानें दिलेलें बरें. अन्यायानें उभारलेलें उद्यान खरोखरच मोडून टाकलें तर काय होतें, याचा एक दाखला चीनच्या इतिहासांत आहे. सुंग घराण्याचा सम्राट हुइझोंग हा स्वतः उत्तम चित्रकार होता. त्यानें काईफंग या आपल्या राजधानींत १११७ पासून पांच वर्षांत गेन्युए नांवाचें एक अपूर्व उद्यान रचविलें. त्यासाठीं दक्षिणेकडून चित्रविचित्र आकारांच्या शिळा आणि दुर्मिळ वृक्ष आणविण्याचें एक खातेंच निर्माण झालें. शिळा वाहण्यासाठीं धान्याच्या नौका पकडल्या. मोठी शिळा पुलाखालून जाईना तर पूल पाडला, वेशींतून जाईना तर वेस फोडली. कोणाच्या अंगणांत सुंदर दगड दिसला कीं राजाचे अधिकारी त्यावर शिक्का मारीत. एका प्रचंड शिळेला तर सम्राटानें सरदारकीचा किताब दिला. दक्षिणेंतली रयत शेवटीं गांजली आणि ११२० सालीं फांग ला याच्या नेतृत्वाखालीं तिनें मोठें बंड केलें. तें मोडण्यांत आलें. उद्यान पूर्ण झालें. पुढें चारच वर्षांनीं, ११२६ च्या हिंवाळ्यांत, उत्तरेकडील जुर्चेन सैन्यानें राजधानीला वेढा दिला. कडाक्याची थंडी, सरपण नाहीं, अन्न नाहीं. तेव्हां लोकांनीं त्या उद्यानांतले वृक्ष तोडून जाळले, हरणें मारून सैनिकांना खाऊं घातलीं, आणि दूर देशाहून आणलेल्या शिळा फोडून गोफणयंत्रांतून शत्रूवर फेकल्या. शहर पडलें तें पडलेंच. सम्राट कैद होऊन उत्तरेकडे गेला आणि कैदेंतच वारला.

थंडीनें कुडकुडणाऱ्या त्या नागरिकांना झाडें तोडल्याबद्दल दोष देणारा मनुष्य मला भेटावयाचा आहे. लेकराला ऊब देण्यापुढें कोणतेंही सौंदर्य श्रेष्ठ नाहीं. परंतु विचार असा कीं, त्या तोडीनें न्याय झाला काय? ज्यांच्या नौका हिरावल्या, ज्यांचीं अंगणें लुटलीं, ते दक्षिणेकडचे लोक होते. त्यांना त्यांतून कांहींच मिळालें नाहीं. जळण चार रात्रींत संपलें. नाशानें कोणाचें देणें फिटत नाहीं. केवळ हिशेबाचें खातें जळतें. त्या उद्यानासाठीं गोळा केलेल्या शिळांपैकीं कांहीं आज बेइजिंगच्या बेइहाई उद्यानांत आहेत असें सांगतात. तें राजउद्यान १९२५ पासून सामान्य लोकांना खुलें झालें. एखादी म्हातारी त्या शिळेला टेकून आपल्या नातवाला खेळवीत बसली असेल तर माझ्या मतें त्या शिळेच्या आयुष्यांत झालेला थोडाफार न्याय तेवढाच.

येथें वाचक म्हणतील कीं हीं सारीं उदाहरणें सम्राटांचीं झालीं. जीं उद्यानें मुळांतच लोकांनीं लोकांसाठीं उभारलीं त्यांचें काय? हा आक्षेप रास्त आहे. इंग्लंडांत लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे बर्कनहेड म्हणून गांव आहे. तेथें सार्वजनिक पैशानें उभारलेलें, कोणाही राजाचें वा उमरावाचें नसलेलें उद्यान जोसेफ पॅक्स्टन यानें रचलें आणि तें १८४७ सालीं खुलें झालें. तीन वर्षांनीं फ्रेडरिक ओल्मस्टेड नांवाचा एक तरुण अमेरिकन तेथें गेला. एका पाववाल्यानें त्याला आग्रहानें तें उद्यान पाहावयास धाडलें होतें. राणीला तेथें जेवढा अधिकार तेवढाच दरिद्री माणसालाही, हें पाहून तो थक्क झाला. आपल्या लोकसत्ताक देशांत याच्या तोडीचें कांहीं नाहीं याची त्याला लाज वाटली. आठ वर्षांनीं त्याच ओल्मस्टेडनें कॅल्व्हर्ट व्हॉक्स या सहकाऱ्यासह न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. ८४३ एकरांचें तें उद्यान म्हणजे लोकशाहीनें स्वतःसाठीं बांधलेलें व्हर्साय होय; तेथें राजा येतांच कारंजें उडावें अशी सोय नाहीं, कारण जो येईल तो राजाच.

पण त्या उद्यानाच्या पश्चिम कडेला, आज जेथें गवत आणि झाडें आहेत, तेथें पूर्वीं सेनेका व्हिलेज नांवाची वस्ती होती. १८२५ पासून मुक्त कृष्णवर्णीयांनीं तेथें स्वकष्टानें जमिनी विकत घेतल्या होत्या. पुढें कांहीं आयरिश कुटुंबेंही येऊन राहिलीं. सुमारें २२५ माणसें, तीन प्रार्थनामंदिरें आणि एक शाळा असें तें नांदतें गांव होतें. न्यूयॉर्क राज्यांत १८२१ पासून कृष्णवर्णीय पुरुषाला मत देण्यासाठीं २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असणें आवश्यक होतें. गोऱ्याला तशी अट नव्हती. म्हणजे तेथील जमिनीचा तुकडा ही त्या माणसांची नागरिकता होती. १८५७ सालीं उद्यानासाठीं सरकारनें ती जागा घेतली आणि गांव उठविलें. मालकांना मोबदला दिला, पण वस्ती पुन्हा कोठेंच एकत्र बसली नाहीं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं त्यांना झोपड्या घालून राहिलेले उपरे म्हटलें आणि पुढची सवाशें वर्षें लोक तेंच खरें धरून चालले. १९९० नंतरच्या दशकांत इतिहाससंशोधकांनीं त्या वस्तीची आठवण पुन्हा जागी केली, आणि २०११ सालीं तेथें उत्खनन झालें. लोकांसाठीं बांधलेल्या उद्यानांतून प्रथम हांकलले गेले तेही लोकच होते.

आणि जेथें कोणाला उठविलें नाहीं असें उद्यान तरी निष्कलंक आहे काय? क्यूचें उद्यान १८४० सालीं राजघराण्याकडून राष्ट्राकडे आलें. तेथील १८४८ सालीं पुरें झालेल्या कांचगृहांत मी उभा होतों; बाहेर इंग्लंडचें करडें आकाश आणि आंत केळी, ताड, नारळी यांची आपल्या कोंकणासारखी दमट सावली. क्षणभर डोळे पाणावले. परंतु हीं झाडें दूरदूरच्या देशांतून तेथें आलीं तीं केवळ शोभेसाठीं नव्हेत. १८७६ सालीं ब्राझीलमधून रबराचीं सुमारें ७०,००० बीजें क्यूला आणलीं गेलीं. त्यांतून उगवलेलीं रोपें सिंहल आणि मलाया येथें गेलीं, तेथें मळे उभे राहिले, आणि पुढें ब्राझीलचा रबराचा धंदा बसला. त्याच क्यूच्या मार्फत सिंकोना निलगिरीवर आला, आणि त्याच्या सालींतल्या क्विनाईननें आपल्या देशांतलेही असंख्य हिंवतापाचे रोगी वांचले. एकाच वाफ्यांतून एकाचें नुकसान आणि दुसऱ्याचा प्राण! अशा बागेला पापी म्हणावें कीं पुण्यवान?

मला वाटतें, पाप आणि पुण्य हे शब्दच येथें अपुरे आहेत. आपल्या परंपरेंत एक तिसरा शब्द आहे, तो अधिक उपयोगी पडेल. तो म्हणजे ऋण. मनुष्य जन्मतःच देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें ऋण घेऊन येतो, असें आपण मानीत आलों. हें ऋण गुन्हा नव्हे. त्याबद्दल लाजून मरावयाचें नसतें. पण तें नाकारतांही येत नाहीं. पितृऋणाची तर मौज अशी कीं तें पितरांना परत करतां येत नाहीं, तें पुढच्या पिढीला द्यावयाचें असतें. उद्यानाचें ऋण याच जातीचें आहे. व्हर्सायचा मजूर आतां परत येणार नाहीं, सेनेका व्हिलेजचें गांव पुन्हा वसणार नाहीं. परंतु ते लोक ज्या अवस्थेंत होते त्या अवस्थेंत आजही माणसें आहेत. म्हणून एखादें उद्यान आपलें ऋण फेडीत आहे कीं नाहीं हें पाहण्याची कसोटी मला एकच दिसते : ज्यांच्या श्रमावर किंवा ज्यांच्या जागेवर तें उभें राहिलें, त्यांच्यासारख्या माणसाला आज तेथें निर्भयपणें बसतां येतें काय?

ज्या सुंग घराण्याचा वर उल्लेख आला त्याच काळांत, राजधानी पडण्यापूर्वीं सुमारें तीस वर्षें, ली गेफेई या विद्वानानें लुओयांग शहरांतल्या प्रसिद्ध उद्यानांवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें एक निरीक्षण नोंदविलें आहे. विस्तीर्णपणा आणि एकांत, मनुष्याची कारागिरी आणि जुनेपणाची कळा, खळाळतें पाणी आणि दूरवरचा देखावा हे सहा गुण उद्यानांत असावेत. पण ते जोडीजोडीनें परस्परविरोधी असतात, म्हणून सहाही एके ठिकाणीं क्वचितच सांपडतात. जपानांत कानाझावा येथें माएदा सरदारांचें जें विख्यात उद्यान आहे त्याचें केनरोकुएन हें नांव याच सहा गुणांवरून पडलें आहे. तेथील तळ्याच्या कांठीं एक दगडी दीप आहे; त्याचा एक पाय पाण्यांत आणि एक जमिनीवर. हिंवाळा आला कीं माळी तेथल्या वृद्ध पाइनवृक्षांच्या फांद्या दोरांनीं वरून टांगून धरतात, म्हणजे हिमाच्या भारानें त्या मोडत नाहींत. त्या दोरांचे शंकू हीच त्या ऋतूंतली बागेची शोभा होते. पिढ्यानपिढ्या तें सरदारांचें खाजगी वैभव होतें. १८७४ सालीं तें सर्वांना खुलें झालें. माझें म्हणणें एवढेंच कीं त्या वर्षीं त्या उद्यानाला सातवा गुण प्राप्त झाला, आणि हा सातवा गुण पहिल्या सहांशीं जितका विरोधी आहे तितके ते सहा आपापसांतही नाहींत. विस्तीर्णपणा आणि एकांत यांचा मेळ एक वेळ बसेल. पण एकांत आणि उघडें दार यांचा कसा बसावा?

ही अडचण खरी आहे आणि ती टाळून चालणार नाहीं. गर्दीनें गवत मरतें, फुलें खुडलीं जातात, झाडांच्या बुंध्यांवर प्रेमिकांचीं नांवें कोरलीं जातात. सर्वांच्या पायांखालीं तुडवली गेलेली बाग कोणाचीच राहत नाहीं. क्यूचा संचालक जोसेफ हूकर, जो १८६५ पासून १८८५ पर्यंत त्या पदावर होता, त्यानें सकाळची वेळ शास्त्रीय कामासाठीं राखून ठेवावी आणि लोकांना दुपारनंतर आंत घ्यावें असा आग्रह धरला. आसपासच्या नागरिकांनीं त्याविरुद्ध चळवळ केली. त्या वादांत हूकर सर्वस्वी चूक होता असें मी म्हणणार नाहीं. रोपाला, माळ्याला आणि अभ्यासकालाही निवांतपणा लागतो. परंतु कुंपणें दोन प्रकारचीं असतात. एक रोपासाठीं घातलेलें आणि एक माणसाविरुद्ध घातलेलें. दोहोंच्या गजांत वरून फरक दिसत नाहीं. तो ओळखावयाचा तर कुंपणानें कोणतें काम थांबतें हें न पाहतां कोणता माणूस थांबतो हें पाहावें लागतें.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ंतलें पुष्पकरंडक उद्यान वाचकांना आठवत असेल. राजाचा मेहुणा शकार तें बक्षीस मिळालेलें उद्यान आपल्या बापाचें असल्याप्रमाणें मिरवीत असतो. एक बौद्ध भिक्षू आपली छाटी धुवावयास तेथील पुष्करिणीवर येतो, तर शकार त्याला झोडपतो. माझें पाणी तुझ्या वस्त्रानें घाण होतें म्हणून. प्रेक्षक हंसतात. पुढें त्याच उद्यानांत शकार वसंतसेनेचा गळा दाबून तिला मेली समजून निघून जातो, आणि तोच भिक्षू तिला पाहतो, आपल्या ओल्या छाटीचें पाणी पिळून तिला शुद्धीवर आणतो. ज्या वस्त्रानें पाणी विटाळतें अशी ओरड झाली त्याच वस्त्राच्या पाण्यानें त्या बागेंत एक जीव वांचला. हा अंक मी वर्गांत अनेक वर्षें शिकविला आहे, आणि शकाराच्या मूर्खपणावर विद्यार्थ्यांबरोबर मनसोक्त हंसलों आहें.

आतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शहरांत एक सार्वजनिक उद्यान आहे. आम्ही कांहीं मंडळी रोज पहाटे तेथें फिरावयास जातों. आठ वर्षांपूर्वीं आमच्यापैकीं कांहींजणांनीं तक्रार काढली कीं दुपारच्या वेळीं तेथें नको ते लोक येऊन झोपतात, शिळें अन्न टाकतात, बांकें अडवितात. तरी सकाळीं दहापासून चारपर्यंत उद्यान बंद ठेवावें. अर्ज लिहावयाचें काम साहजिकच मराठीच्या प्राध्यापकाकडे आलें. मीं तो लिहिला, आणि चांगला लिहिला. “उद्यानाचें पावित्र्य” हा शब्दप्रयोग माझा. अर्ज मान्य झाला. आम्हांला त्याचा कांहींच त्रास नव्हता, कारण दहापूर्वीं आमचें फिरणें आटोपलेलें असे.

व्याख्यानाच्या त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनीं, एप्रिल महिन्यांत, परीक्षेचें काम उरकून मी भर दुपारीं त्या रस्त्यानें पायीं येत होतों. रस्त्याचें खोदकाम चाललें होतें. कामावरच्या पांचसहा बायका भाकरी खाण्यासाठीं बसल्या होत्या त्या उद्यानाच्या कुंपणाबाहेर. आंतल्या एका जुन्या कडुलिंबाची सावली गजांवरून बाहेर पदपथावर पडली होती, तेवढ्या पट्टींत त्या दाटीनें बसल्या होत्या. गजालाच लुगड्याची झोळी बांधून तींत एक तान्हें निजविलें होतें. आंत दाट सावल्या, रिकामीं बांकें आणि पाण्याचा नळ. मी थबकलेला पाहून त्यांतली एक म्हणाली, “सायेब, ही बाग कधी उघडती?” मी म्हणालों, “चार वाजतां.” ती हंसली. “चारला सावली काय करायची, सायेब?”

मी तेथें फार वेळ उभा राहूं शकलों नाहीं. तो प्रश्न आणि माण तालुक्यांतल्या मुलाचा प्रश्न हे दोन नव्हते. एकानें पाणी कोठून येतें हें विचारलें, दुसरीनें सावली कोठें जाते हें विचारलें. व्हर्सायच्या राजाबद्दल लिहितांना माझी लेखणी अडखळत नाहीं. पण त्या फाटकावरच्या पाटीवर जो नियम लिहिलेला आहे त्याचा मसुदा माझा आहे. ज्यांनीं त्या रस्त्यांची माती वाहिली, ज्यांच्यासारख्यांनींच ती बागही कधींकाळीं खणली असेल, त्यांना मीं सावलीच्या नेमक्या वेळीं बाहेर ठेवलें होतें, तेंही पावित्र्य या शब्दाच्या आधारानें. तक्रारींतलें सर्वच खोटें होतें असें नाहीं. अन्न टाकलें जात होतें, बांकें अडत होतीं. पण त्याला केराची टोपली, चार जास्त बांकें आणि एक जागा पहारेकरी पुरला असता. आम्हीं रोपांना त्रास देणारी गोष्ट थांबविली नाहीं. आम्हांला पाहवत नव्हता तो माणूस थांबविला.

बौद्ध वाङ्मयांत जेतवनाची कथा आहे. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला बुद्धासाठीं जेत राजपुत्राचें उपवन हवें होतें. जेत म्हणाला, सुवर्णनाण्यांनीं सगळी जमीन झांकलीस तरच देईन. अनाथपिंडिकानें गाड्या भरून नाणीं आणविलीं आणि पसरावयास सुरुवात केली. भारहुतच्या स्तूपावर हा देखावा कोरलेला होता. तो शिल्पखंड आज कोलकात्याच्या संग्रहालयांत आहे, त्यांत बैलगाडी दिसते आणि जमिनीवर नाणीं मांडणारीं माणसें दिसतात. कथा पुढें सांगते कीं आणलेलें सोनें शेवटीं थोडें कमी पडलें. फाटकाजवळचा एवढासा तुकडा झांकावयाचा राहिला. तेव्हां जेतानें त्याला थांबविलें. एवढी जागा माझ्याकडून दान असूं दे, असें म्हणून त्यानें त्या ठिकाणीं स्वतः उपवनाचें द्वार बांधलें. सगळी बाग किंमत देऊन घेतां आली. दाराची जागा मात्र विकत मिळाली नाहीं, ती द्यावी लागली.

जगांतलीं सुंदर उद्यानें जरूर पाहावींत. व्हर्सायची ती रेषा पाहावी आणि सवड असेल तर मॅंतनोंच्या कोरड्या कमानीही पाहाव्या; सेंट्रल पार्कमध्यें हिंडतांना पश्चिमेच्या कडेला क्षणभर थांबावें. एवढ्यानें सौंदर्य उणें होत नाहीं. उलट तें कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आलें हें कळतें. पण परदेशच्या उद्यानांचें ऋण मोजावयास बसण्यापूर्वीं आपल्या गांवच्या फाटकाशीं एकदां भर दुपारीं उभें राहून पाहावें.

त्या विद्यार्थ्याला मीं पुढें घरीं बोलावून पुरतें उत्तर दिलें. तो शांतपणें ऐकून घेऊन म्हणाला, “म्हणजे सर, तिथंही टँकरच होता म्हणायचा.” उद्यानाच्या वेळांविषयीं मीं दुसरा अर्ज केला आहे. या खेपेस त्यांत पावित्र्य हा शब्द नाहीं. दुपारची सावली एवढाच शब्द आहे. पहिल्या अर्जावर चाळीस सह्या होत्या, या अर्जावर आतांपर्यंत सात आहेत.